बुद्धिबळातील सबुरीचा बचाव : काळ्या मोहऱ्यांनी कसे खेळावे

बुद्धिबळात पहिली खेळी नेहमी पांढऱ्या मोहऱ्यांची असते. या एका खेळीमुळे पांढऱ्याकडे पुढाकार जातो आणि काळ्याला, आरंभी तरी, उत्तर देणाऱ्याची भूमिका घ्यावी लागते. तुल्यबळ खेळाडूंमध्ये हा फरक थोडा असतो. परंतु नवशिक्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो फार मोठा ठरतो. खेड्यातील शाळेतून तालुक्याच्या स्पर्धेस आलेला मुलगा काळ्या मोहऱ्यांनी बसतो, समोरचा विद्यार्थी शहरात शिकवणी घेतलेला असतो, आणि दहाबारा खेळ्यांत राजावर मात होते. काय चुकले हे समजण्यापूर्वीच डाव संपतो. असे दोनतीनदा घडले म्हणजे मुलगा 'हा खेळ आपला नव्हे' असे मनाशी ठरवून पट मिटतो. त्याच्या बुद्धीत उणेपणा असतो असे नाही. पहिल्या दहा खेळ्यांत उभे कसे राहावे एवढेच त्याला कोणी दाखविलेले नसते.

अशा विद्यार्थ्यास भक्कम बचाव शिकविणे हा त्यावरील एक उपाय होय. मात्र भक्कम बचाव आणि निष्क्रिय बचाव यांतील सीमारेषा अत्यंत पुसट आहे. ती ओळखली नाही तर मूल लवकर हरण्याऐवजी उशिरा हरू लागते, एवढाच फरक पडतो. ही सीमारेषा कोठे आहे, हे एका प्रसिद्ध बचावाच्या आधारे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

१. देशी खेळ आणि प्याद्याचे एक घर

भारतात परंपरेने चालत आलेल्या देशी बुद्धिबळात प्यादे सामान्यतः एका वेळी एकच घर पुढे सरकत असे. प्रांताप्रांतांत नियम थोडे भिन्न होते. परंतु आजच्यासारखा किल्लेकोट त्यात नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल चालण्याची मुभा असे. त्यामुळे डाव संथपणे उलगडे. दोन्ही बाजूंच्या प्याद्यांना एकमेकांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागे आणि खेळाडूंना आपापली रचना उभारण्यास अवसर मिळे. महाराष्ट्रात या देशी विद्येचा युरोपीय पद्धतीशी संबंध बराच जुना आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळविषयक ग्रंथाचे, युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले, इंग्रजी रूप मुंबईत १८१४ मध्येच छापले गेले होते.

संथ खेळाची ही सवय नव्या नियमांत निरुपयोगी ठरली असे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे बॅरिस्टर होते. युरोपातील नामांकित खेळाडूंत त्यांची गणना होई. १८४८ च्या सुमारास तेथील बुद्धिबळ मंडळाच्या एका सभासदास मुफस्सिल भागातील एका अजिंक्य खेळाडूची वार्ता लागली. महेशचंद्र बॅनर्जी हे ते गृहस्थ. युरोपीय नियम त्यांना नवे होते. कॉक्रेन यांच्याशी पुढे त्यांचे पुष्कळ डाव झाले व त्यांतील अनेक छापले गेले. त्यांत महेशचंद्रांची काळी प्यादी प्रथम एकेक घर सरकतात, उंट लांब कर्णावर दबा धरून बसतो आणि मग मध्यभागावर आघात होतो. या धर्तीच्या बचावांना पुढे जगभर 'भारतीय बचाव' हे नाव मिळाले.

पंजाबातील मीर सुलतान खान यांची गोष्टही अशीच. देशी पद्धतीत वाढलेल्या या खेळाडूने १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे मिळविली, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांचा पराभव केला. संथ रचना व चिवट बचाव ही त्यांची ओळख होती. तात्पर्य, गावातील वडीलधाऱ्यांकडून 'एक घर' चालीचा खेळ शिकून आलेले मूल शाळेत आले, तर त्याची ती सवय मोडून काढण्याची घाई शिक्षकांनी करू नये. तिला दिशा द्यावी.

२. फिलिडोरचा बचाव

खेळ्या समजण्यासाठी पटाची खूण प्रथम सांगणे आवश्यक आहे. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या ओळींना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे द्यावीत. आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८ असे अंक द्यावेत. पांढऱ्या राजापुढील प्यादे दोन घरे चालून ज्या घरावर येते ते घर ई४ होय.

आता पुढील आरंभ पटावर मांडावा. पांढरा राजापुढील प्यादे ई४ वर नेतो. काळा त्याला तोंड देण्यासाठी आपले प्यादे ई५ वर आणतो. पांढरा घोडा एफ३ वर काढून त्या प्याद्यावर रोख धरतो. काळ्याने ते प्यादे कसे राखावे? एक मार्ग म्हणजे घोडा सी६ वर काढणे. दुसरा मार्ग म्हणजे वजिरापुढील प्यादे फक्त एक घर, डी६ वर, सरकविणे. या दुसऱ्या मार्गास फिलिडोरचा बचाव म्हणतात.

फ्रान्सुआ-आंद्रे फिलिडोर (१७२६-१७९५) हा फ्रेंच संगीतकार आपल्या काळातील अग्रगण्य बुद्धिबळपटू होता. १७४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने प्याद्यांच्या रचनेचे महत्त्व युरोपास पटवून दिले.

डी६ या खेळीचे गुण उघड आहेत. प्याद्याने प्यादे राखले जाते, रचना घट्ट राहते, आणि लक्षात ठेवण्यास चाली थोड्या असतात. दोषही तितकेच उघड आहेत. एफ८ वरील काळ्या उंटाची वाट त्याच प्याद्याने अडते. त्याला ई७ पर्यंतच जाता येते. काळी मोहरी मागच्या तीन ओळींत दाटीने बसतात व एकमेकांच्या वाटेत येतात. म्हणूनच या बचावास 'भक्कम पण निष्क्रिय' असे म्हटले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वतः फिलिडोरच्या दृष्टीने ही खेळी निष्क्रिय नव्हती. डी६ नंतर एफ७ वरील प्यादे दोन घरे पुढे लोटून पांढऱ्याच्या मध्यभागावर तुटून पडावे, असा त्याचा विचार होता. ती वाट धोक्याची असल्याचे पुढील अभ्यासकांनी दाखविले. तथापि मूळ कल्पना विसरता येत नाही. प्यादे एक घर सरकले ते थांबण्यासाठी नव्हे, काही करण्याची पूर्वतयारी म्हणून सरकले.

३. दोन बोधप्रद अपघात

हा बचाव शिकविण्यापूर्वी त्यातील दोन अपघात विद्यार्थ्यांस पटावर दाखवावेत.

पहिला अपघात फिलिडोरचा गुरू लेगाल याच्या नावाने ओळखला जातो. वर सांगितलेल्या दोन खेळ्यांनंतर पांढरा उंट सी४ वर येतो. काळा आपला उंट जी४ वर नेऊन पांढऱ्या घोड्याला जखडतो. पांढरा दुसरा घोडा सी३ वर काढतो. काळा विनाकारण जी६ ही प्याद्याची खेळी करतो. आता पांढरा घोड्याने ई५ वरील प्यादे मारतो आणि आपला वजीर मोकळा सोडतो. काळ्याने हर्षभराने वजीर मारला की उंट एफ७ वरील प्यादे मारून शह देतो. राजाला ई७ वर जावेच लागते. दुसरा घोडा डी५ वर येतो आणि मात होते. सात खेळ्यांत डाव संपतो. काळ्याने वजीर न मारता डी६ वरील प्याद्याने घोडा मारला असता, तर पांढऱ्या वजिराने जी४ वरील उंट घेतला असता. काळ्याचे एकच प्यादे जाते, पण राजा वाचतो. मोह आवरण्याचा धडा याहून स्पष्टपणे देणारे उदाहरण सापडणे कठीण.

दुसरा अपघात १८५८ मधील. पॅरिसच्या नाट्यगृहात अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी याने ड्यूक ऑफ ब्रन्सविक व काउंट इझुआर या दोघांच्या जोडीशी डाव मांडला. जोडीने काळ्या मोहऱ्यांनी हाच बचाव केला. पांढऱ्याने तिसऱ्या खेळीस डी४ खेळून ई५ वर आणखी दाब आणला, तेव्हा त्यांनी उंट जी४ वर नेला. पुढे त्यांना तो घोड्याच्या बदल्यात देऊन टाकावा लागला आणि मॉर्फीचे एकेक मोहरे वेगाने रणांगणात उतरले. सतराव्या खेळीस मात झाली. त्या क्षणी काळ्याचा एफ८ वरील उंट व एच८ वरील हत्ती हे आपापल्या घरातून एकदाही हललेले नव्हते. मॉर्फीने मात्र वजिराचाही बळी देऊन, उरलेला एक हत्ती व एक उंट यांच्या जोरावर मात केली.

दोन्ही डावांत पराभवाचे कारण डी६ ही खेळी नव्हे. मोहरी घरी बसून राहिली, हे कारण होय. भक्कम भिंतीमागे सैन्य निजलेले असेल तर भिंतीचा उपयोग नाही.

४. एक घर आधी, दुसरे घर नंतर

आता योग्य वाट पाहावी. पांढऱ्याने तिसऱ्या खेळीस डी४ खेळल्यावर काळ्याने ई५ वरील प्याद्याने ते प्यादे मारावे. पांढरा घोड्याने परत मारील. घोडा डी४ वर येईल. चौथ्या खेळीस काळ्याने घोडा एफ६ वर काढावा. त्याचा रोख ई४ वरील प्याद्यावर असतो. पांढरा ते राखण्यासाठी दुसरा घोडा सी३ वर काढील. काळ्याने उंट ई७ वर आणावा आणि पुढच्या खेळीस किल्लेकोट करून राजा सुरक्षित करावा.

या स्थितीत पांढऱ्याकडे जागा अधिक आहे हे खरे. परंतु काळ्याची दोन मोहरी बाहेर आली आहेत, राजा सुरक्षित आहे, आणि ई४ हे एक निश्चित लक्ष्य मिळाले आहे. येथपर्यंत विद्यार्थ्यास न चुकता पोहोचता आले तरी दहाव्या खेळीस मात होण्याचे भय संपते.

पुढे पुष्कळ वेळा असे घडते. पांढरा सहाव्या खेळीस उंट सी४ वर आणतो. काळा किल्लेकोट करतो. सातव्या खेळीस पांढराही किल्लेकोट करतो. पांढऱ्याच्या सर्व खेळ्या नैसर्गिक दिसतात. आता काळ्याने घोड्याने ई४ वरील प्यादेच मारावे! पांढरा सी३ वरील घोड्याने तो घोडा मारील. वरवर पाहता काळ्याने एका प्याद्यासाठी घोडा गमावला. परंतु आता इतका वेळ डी६ वर शांत उभे असलेले प्यादे एक घर पुढे, डी५ वर येते, आणि एकाच वेळी सी४ वरील उंट व ई४ वरील घोडा यांवर दुहेरी मारा करते. दोन्ही वाचविणे पांढऱ्याला शक्य नाही. त्याने उंट डी३ वर मागे घेतला, तर काळा प्याद्याने घोडा मारतो, पांढरा उंटाने ते प्यादे मारतो, आणि हिशेब समसमान होतो. दोघांची सहा सहा प्यादी उरतात, पांढऱ्याचे मध्यभागावरील वर्चस्व नाहीसे होते, आणि काळ्याची मोहरी मोकळा श्वास घेतात.

पांढऱ्याने घोडा मारण्याऐवजी मध्येच उंटाने एफ७ वर शह दिला, तर काळ्याने हत्तीने उंट मारावा. मग पांढरा ई४ वरील घोडा मारील. याही वाटेने बळ समान राहते आणि काळ्याजवळ दोन्ही उंट शिल्लक राहतात.

या एका उदाहरणात सबुरीच्या बचावाचे सारे मर्म आहे. प्याद्याचे पहिले पाऊल डी६ वर पडले ते दुसऱ्या पावलाच्या आशेवर. डी५ ही खेळी या बचावातील काळ्याची मुक्तीची खेळी होय. ती फार लवकर केली तर प्यादे गमावते. कधीच केली नाही तर काळा हळूहळू गुदमरतो. ती करण्याचा क्षण ओळखणे म्हणजेच हा बचाव खेळता येणे.

५. पांढरा सावध असेल तर

समोरचा खेळाडू जाणकार असेल तर तो उंट सी४ ऐवजी ई२ वर ठेवील. तेव्हा वरील युक्ती साधत नाही. अशा वेळी काळ्याने हत्ती ई८ वर आणावा व ई७ वरील उंट एफ८ वर मागे घ्यावा. मागे घेतलेला उंट पाहून विद्यार्थी गोंधळतो. परंतु उंट बाजूस होताच हत्तीची नजर सरळ ई४ वर पडते. घोडा व हत्ती यांच्या दुहेरी दाबाने पांढऱ्याला त्या प्याद्याच्या रक्षणात गुंतावे लागते. त्यानंतर सी६ खेळून डी५ ची तयारी करावी.

काही खेळाडू वजिराच्या बाजूस किल्लेकोट करतात आणि जी व एच ओळींतील प्यादी काळ्या राजावर लोटतात. येथे स्वस्थ बसणे घातक होय. काळ्यानेही तत्काळ पांढऱ्या राजाच्या बाजूस ए६ व बी५ अशी प्यादी पुढे काढावीत, किंवा संधी मिळताच डी५ खेळून मध्यभाग उघडावा. बाजूवरील हल्ल्यास मध्यभागी उत्तर द्यावे, हा नियम विद्यार्थ्यांच्या वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे.

६. भुईकोटाचा दृष्टान्त

सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यास ही गोष्ट समजाविण्यासाठी दूर जावे लागत नाही. सोलापूरचा भुईकोट किल्ला बहुतेकांनी पाहिलेला असतो. डोंगराची उंची नसल्याने या किल्ल्याची सारी मदार दुहेरी तटबंदीवर, भोवतीच्या खंदकावर व एका अंगास असलेल्या सिद्धेश्वर तलावावर होती. बांधणीत त्याच्या भक्कमपणाबद्दल शंका घेण्यास जागा नाही. तरीही मे १८१८ मध्ये जनरल मन्रो याच्या फौजेने वेढा घातला, तेव्हा बाहेर तळ देऊन असलेली पेशव्यांची फौज पांगल्यावर किल्ला फार दिवस टिकला नाही. तट उभा होता. पण बाहेर येऊन लढणारे बळ उरले नव्हते. डी६ वरील प्यादे हा तट होय. एफ६ चा घोडा, ई८ चा हत्ती आणि डी५ ची खेळी हे तटाबाहेर पडणारे बळ होय. एकावाचून दुसऱ्याला अर्थ नाही.

७. शिक्षकांसाठी काही सूचना

(१) हा बचाव मुलाचा पहिला आरंभ असू नये. प्रथम घोडा सी६ वर काढून खेळला जाणारा मोकळा डाव काही आठवडे खेळवावा. मोहरी भराभर बाहेर काढण्याचा आनंद ज्याने घेतला आहे त्यालाच दाटीची किंमत कळते.

(२) पट विकत घेणे शक्य नसेल तर शाळेच्या फरशीवर खडूने चौसष्ट घरे आखावीत व पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर मोहऱ्यांची नावे लिहावीत. सर्व वर्गास एकाच वेळी पाहता येते, हा याचा आणखी एक लाभ.

(३) चौथ्या प्रकरणातील खेळ्या पाठ करून घेऊ नयेत. प्रत्येक खेळीस 'ही कशासाठी?' असे विचारावे. उत्तर न देता केलेली बरोबर खेळी ही अर्धीच बरोबर समजावी.

(४) आठवी खेळी झाली की डाव थांबवून दोन प्रश्न करावेत : कोणते मोहरे अजून घरी आहे? डी५ आता खेळता येईल काय? हे दोन प्रश्न मुलाने स्वतःहून विचारू लागणे हीच प्रगतीची खूण होय.

(५) त्याच स्थितीतून मुलांना बाजू बदलून पुन्हा खेळवावे. हल्ला करणाऱ्यास काय हवे असते हे कळल्यावाचून बचाव कळत नाही.

(६) मुलींना पटापासून दूर ठेवू नये. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीत कोनेरू हम्पी यांच्याशी आरंभीचे डाव बरोबरीत सुटले. जलद डावांतील निर्णायक विजय दिव्या यांनी काळ्या मोहऱ्यांनीच मिळविला. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे मुलामुलींच्या कित्येक पिढ्यांना हा खेळ शिकविला. लहान गावाशहरांतून अशी परंपरा उभी राहू शकते, याचे ते उदाहरण आहे.

शेवटी एक गोष्ट पटाबाहेरची. सबुरीचा बचाव पुष्कळदा वर्गातील मितभाषी मुलांस आवडतो. हात वर न करणारे, मागच्या रांगेत बसणारे मूल त्यात रमते; येथे त्याला कोणी घाई करीत नाही. शिक्षकांनी अशा मुलाचा डाव विशेष लक्षपूर्वक पाहावा. तो थांबला आहे तो विचार करून की भिऊन, हे पटावर लपत नाही. विचार करून थांबलेल्या मुलाची मोहरी एकेक करून घराबाहेर आलेली असतात व त्याचे डोळे डी५ वर असतात. भ्यालेला मुलगा तीच दोन मोहरी मागेपुढे हलवीत राहतो. पहिल्यास त्याच्या गतीने खेळू द्यावे. दुसऱ्यापाशी बसून, हार पत्करूनही, त्याच्याकडून एकदा ते प्यादे पुढे टाकवून घ्यावे. तो डाव हरला तरी चालेल. प्यादे पुढे टाकल्याने आभाळ कोसळत नाही, हे त्याला त्या दिवशी कळेल. आणि पुढच्या डावात ते प्यादे तो स्वतः टाकील.